फॉस्डेम एक्सेलमध्ये बसत नाही

तुम्ही लिहिलंय की कंपनी पहिल्यांदाच फॉस्डेमला (ब्रसेल्समध्ये शनिवार-रविवारी भरणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन) पाठवतेय, काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे, ब्रसेल्स पाहिलेलं नाही, सोबत कुणी नाही. आणि दोन्ही दिवसांच्या भाषणांची अर्ध्या-अर्ध्या तासाची एक्सेल शीट तयार आहे, ती जमेल का? नाही जमणार. का, ते सांगतो. मी काही वर्षं सलग जातोय.

फॉस्डेमला तिकीट नाही, नावनोंदणी नाही. सरळ चालत आत जायचं. त्यामुळे किती माणसं येणार हे आयोजकांनाही नक्की ठाऊक नसतं. अंदाज साधारण ८,००० चा असतो. जागा म्हणजे यूएलबी विद्यापीठाचा सोलबॉश कॅम्पस, म्हणजे अक्षरशः कॉलेजचे वर्ग. जान्सन सभागृहात हजाराच्या वर लोक मावतात, पण खरी मजा ज्या 'डेव्हरूम'मध्ये (एकेका विषयाला दिलेल्या खोल्यांत) असते त्यातल्या काही खोल्या अगदी लहान. खोली भरली की दारावर 'फुल'ची पाटी लागते आणि मग स्वयंसेवक कुणालाही आत सोडत नाहीत. आगीच्या सुरक्षेचा नियम आहे, विनवण्या करून उपयोग नाही. तुमच्या शीटप्रमाणे जान्सनमधून के इमारतीत, तिथून यू इमारतीत असं पावसात धावत गेलात, तर बरीचशी भाषणं बंद दारासमोर उभं राहून 'ऐकाल'.

त्यापेक्षा एक खोली धरा. पोस्टग्रेसची डेव्हरूम कोणत्या दिवशी आहे ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघा आणि त्या दिवशी सकाळी पहिल्या भाषणाआधीच आत जाऊन बसा. जेवणासाठी उठलात तर जागा जाईल, म्हणून पिशवीत काहीतरी खायला ठेवा. बाकीची भाषणं थेट प्रक्षेपित होतात, नंतर रेकॉर्डिंगही फुकट मिळतं. ती पुण्यात घरी बसून बघता येतील. घरी बसून मिळत नाहीत ती माणसं. तुमचा एखादा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या असे बदल तपासण्याच्या फेरीत, लटकला असेल, तर त्यावर शेरे देणारा माणूस बहुतेक त्याच खोलीत किंवा बाहेर पोस्टग्रेसच्या स्टॉलवर उभा असतो. त्याच्याकडे जाऊन 'तुमचं काम मला खूप आवडतं' एवढंच म्हटलंत तर तो हसून आभार मानेल आणि गप्पा तिथेच संपतील. पॅच कशाबद्दल आहे ते सांगा, कुठे अडलाय ते एका वाक्यात विचारा. लॅपटॉप चार्ज करून न्या, वर्गांमध्ये प्लग पॉइंट शोधूनही सापडत नाहीत.

तुमच्यासाठी खरं तर शुक्रवार जास्त महत्त्वाचा. फॉस्डेमच्या आदल्या दिवशी ब्रसेल्समध्येच 'फॉस्डेम पीजीडे' हा फक्त पोस्टग्रेसवाल्यांचा मेळावा भरतो. तो लहान असतो, पैसे भरून नाव नोंदवावं लागतं. तिथे दुपारपर्यंत चार चेहरे ओळखीचे झाले, की शनिवारच्या गर्दीत एकटं वाटत नाही. पीजीडेला जाणार नसाल तर फॉस्डेमसाठी स्वयंसेवक व्हा. शुक्रवारी मांडामांड असते, रविवारी संध्याकाळी आवराआवर. बुजऱ्या माणसासाठी खुर्च्या उचलण्याइतकी सोपी ओळख दुसरी नाही. शुक्रवारी रात्री डेलिरियम कॅफेत बिअरचा मोठा कार्यक्रम असतो. तिथली गल्ली दादर स्टेशनच्या पुलासारखी भरते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एकदा डोकावून या. मी जात नाही.

वायफायची एक गंमत: मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वर चालतं. ऑफिसचं व्हीपीएन रुसलं तर 'फॉस्डेम-एन्शन्ट' (एन्शन्ट म्हणजे पुरातन) नावाच्या नेटवर्कवर जा, तिथे जुनं आयपीव्ही४ही मिळतं. नाव मुद्दाम तसं ठेवलंय, तुम्हाला लाज वाटावी म्हणून.

आता शहर. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथून शहरातल्या सेंट्रल स्टेशनला साधारण वीस मिनिटं. पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत असतात, त्यामुळे 'मिदी' आणि 'झाउड' ही दोन स्टेशनं नाहीत, एकच आहे. तिथे खिसा सांभाळा. सेंट्रलहून ७१ नंबरची बस कॅम्पसला जाते. शनिवारी सकाळी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा लुईझ थांब्यावरून ८ नंबरची ट्राम घ्या. दोन्हींत बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. राहायला फ्लाजे चौकाच्या आसपास मिळालं तर उत्तम, ७१ तिथूनच जाते. थंडी पुण्याच्या डिसेंबरसारखी नसते. पारा शून्याच्या थोडा वर, सतत भुरभुर पाऊस, सव्वाआठपर्यंत सूर्य उगवत नाही. स्वेटरपेक्षा पाणी आत न येणारे बूट महत्त्वाचे.

शाकाहारी असाल तर एक सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही: बेल्जियमचे प्रसिद्ध फ्राइज पारंपरिक पद्धतीत गोमांसाच्या चरबीत तळतात. गाडीवर आधी विचारा. बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे मात्र नेऊ नका; दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

व्हिसाचं मात्र आजच बघा. शेंगेन अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. फॉस्डेमला तिकीटच नसल्यामुळे 'कशासाठी जाताय' याचा कागद तुमच्याकडे नसेल. कंपनीच्या पत्रात तारखा, कार्यक्रमाचं नाव आणि खर्च कोण करतंय हे स्पष्ट लिहून घ्या. पीजीडेची नोंदणी केलीत तर तिची पावतीही सोबत जोडा. आणि परतीचं विमान सोमवारचं घ्या. रविवारी रात्रीचं घेतलंत तर दुपारपासूनच ट्रॉली बॅग ओढत त्या अरुंद बोळांतून फिरावं लागेल.