लेखनिक नाकारण्यापूर्वी

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षेसाठी लेखनिक मागण्याचा अर्ज तू भरलाच नाहीस, हे काल तुझ्या आईकडून कळले. ‘लिहीन तर स्वतःच्या हाताने, नाहीतर परीक्षाच देणार नाही,’ या तुझ्या वाक्याने मला रात्रभर झोप लागू दिली नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो.

म्हणून तुला हेर्मान नावाच्या एका विद्वानाची हकिकत सांगतो. आजच्या जर्मनीत, कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाऊ बेटावर बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांचा मठ होता. आल्ट्सहाउझेनच्या सरदार घराण्यात १०१३ साली जन्मलेले हेर्मान सातव्या वर्षी तिथे शिकायला आले. अवयव इतके आखडलेले, की बसवलेल्या जागेवरून त्यांना हलता येत नसे. कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यावी लागे. खुर्चीत घालून त्यांना इकडून तिकडे नेत. बोलणे तुटक, सवय नसलेल्याला जेमतेम कळणारे. तरीही ते शिकवत. ही हकिकत त्यांचे शिष्य बेर्टोल्ड यांनी लिहून ठेवली आहे.

या माणसाने ख्रिस्तजन्मापासून १०५४ पर्यंतचा इतिवृत्तांत रचला, ॲस्ट्रोलेब हे ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याचे यंत्र कसे बनवावे ते लिहिले, चांद्रमासाचे गणित तपासले. मला सर्वांत भावते ती त्यांची स्वरलेखनाची युक्ती: स्वर तोच राहिला, अर्ध्या अंतराने सरकला की पूर्ण, हे लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांनी दाखवायचे आणि सूर खाली उतरत असेल तर अक्षराखाली एक टिंब द्यायचे. ते टिंब देणारे बोट कोणाचे होते, असे आज कोणी विचारते का? काम आपले असावे. हात कोणाचेही असोत.

पुढे अशी दंतकथा झाली, की पवित्र मरियेने त्यांना निरोगी शरीर किंवा ज्ञान यांपैकी एक निवडायला सांगितले आणि त्यांनी ज्ञान निवडले. मला ती मुळीच आवडत नाही, कारण रोज खुर्ची उचलणारी माणसे तिच्यातून पार पुसली जातात.

पोलिओने माझा उजवा हात गेला, तेव्हाही लेखनिक मिळत होता. मी नाकारला. डाव्या हाताने तीन तासांत निम्मी उत्तरपत्रिका झाली, वर्ष गेले. पुढे प्रबंधही तसाच अर्धवट राहिला आणि त्या हट्टाला मी स्वाभिमान म्हणत आलो. तो अगदीच वाया गेला, हे मात्र मला आजही मान्य नाही. त्याच हट्टाने मी तीस वर्षे फळ्यावर डाव्या हाताने लिहिले आणि मुलांना ते वाचता आले. पण प्रबंधातले जे डोक्यात होते ते डोक्यातच राहिले. ते तुझ्या वाट्याला यावे, हे मला सहन होणार नाही. तुझे गणित तुझे आहे, बाळा. ते कागदावर उतरवणारा हात कोणाचाही चालेल. हे तुला किती वेळा सांगायचे?

१०५४ च्या सप्टेंबरात हेर्मान यांच्या कुशीत असह्य कळा सुरू झाल्या. दहा दिवसांनी, शेवट जवळ आला असता, रडणाऱ्या बेर्टोल्डना त्यांनी सांगितले, की माझ्या मेणाच्या पाट्या घे, त्यांवर लिहायचे राहिले आहे ते नीट तपासून उतरव आणि ज्यांना त्याची किंमत कळेल त्यांच्या हाती दे. त्या महिन्याच्या २४ तारखेला ते गेले.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. सकाळी दहा वाजता मी महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा असेन. कोरा अर्ज घेऊन ये. मजकूर तू सांग, मी लिहितो.