वाचकांचे प्रश्न : बाइटकोडचा ग्राफ करताना स्टॅक जातो कुठे?

कंपायलर बाइटकोडपासून मधला ग्राफ, म्हणजे किंमती आणि क्रियांचे नोड व त्यांना जोडणाऱ्या कडा, कसा बांधतो, यावर खानदेशातल्या वाचकांनी विचारलेल्या सहा प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. उदाहरणं जावाच्या बाइटकोडची, म्हणजे जावा प्रोग्रामचं भाषांतर करून मिळणाऱ्या छोट्या सूचनांची आहेत.

प्रश्न : एम.सी.ए.च्या प्रकल्पासाठी आम्ही बाइटकोडपासून ग्राफ बनवणारा छोटा कंपायलर लिहितो आहोत. सरळ ओळींचा कोड नीट चालतो. पण ० पासून ‘न’च्या आधीपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करणारा फॉर लूप दिला, की न = ० असताना उत्तर बरोबर ० येतं आणि न = ५ दिलं की प्रोग्राम थांबतच नाही. दोष कुठे शोधावा?
— विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : दोष लूपच्या पहिल्या ब्लॉकमध्ये आहे, हे तुम्ही दिलेल्या दोन उत्तरांवरूनच कळतं. तुमच्या मेथडचा बाइटकोड असा असणार. लोकल म्हणजे मेथडमधल्या किंमतीची क्रमांक दिलेली जागा. लोकल ० मध्ये न, लोकल १ मध्ये बेरीज, लोकल २ मध्ये मोजणीचा आकडा :

० : आयकॉन्स्ट ०
१ : आयस्टोअर १
२ : आयकॉन्स्ट ०
३ : आयस्टोअर २
४ : आयलोड २
५ : आयलोड ०
६ : इफ-आयसीएमपी-जीई १९
९ : आयलोड १
१० : आयलोड २
११ : आयअ‍ॅड
१२ : आयस्टोअर १
१३ : आयइंक २, १
१६ : गोटू ४
१९ : आयलोड १
२० : आयरिटर्न

एकूण २१ बाइट, १५ सूचना. इफ-आयसीएमपी-जीई म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तर उडी. आधी ब्लॉक, म्हणजे सलग चालणाऱ्या सूचनांचे गट, पाडायचे. पहिली सूचना, उडी जिथे पोचते ती सूचना आणि उडीच्या लगेच पुढची सूचना, या तिन्हींपासून नवा ब्लॉक सुरू होतो. इथे ०, ४, ९ आणि १९ असे चार ब्लॉक मिळतात. याच फेरीत १६ वरून ४ कडे मागे जाणारी उडी दिसते. ४ च्या ब्लॉकवर ‘लूपची सुरुवात’ अशी खूण तेव्हाच करून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता बाइटकोड एकदा ‘चालवायचा’, पण आकड्यांवर नव्हे, नोडवर. लोकलचा एक अ‍ॅरे आणि स्टॅकचा, म्हणजे सूचना किंमती तात्पुरत्या ठेवतात त्या चळतीचा, एक अ‍ॅरे घ्या. दोन्हींत नोडचे संदर्भ राहतील. आयलोड आला की लोकलमधला संदर्भ स्टॅकवर ठेवायचा, आयस्टोअर आला की स्टॅकवरचा संदर्भ उचलून लोकलमध्ये टाकायचा. नवा नोड दोन्ही वेळा बनत नाही. वरच्या १५ सूचनांपैकी पाच आयलोड आणि तीन आयस्टोअर, म्हणजे आठ सूचना ग्राफमध्ये काहीच ठेवून जात नाहीत. आयअ‍ॅड मात्र स्टॅकवरून दोन संदर्भ काढतो, त्यांच्याकडे बोट दाखवणारा बेरजेचा एक नोड बनवतो आणि तो स्टॅकवर ठेवतो. आयइंक स्टॅकला हात लावत नाही. तो ‘जुना नोड अधिक १’ असा नवा नोड बनवून लोकलमध्ये बसवतो. स्टॅक हे फक्त बांधकामाच्या वेळचं साधन आहे. ग्राफ तयार झाला की त्याची जागा नोडमधल्या कडांनी घेतलेली असते.

तुमची चूक ब्लॉक ४ मध्ये शिरताना होते. ब्लॉक ० संपताना लोकल १ आणि २ मध्ये स्थिरांक ० चा नोड असतो. तोच नोड तुम्ही थेट ब्लॉक ४ मध्ये नेलात. मग बेरीज ‘० + ०’ म्हणून जागीच ० झाली, ‘० + १’ जागीच १ झाला आणि तुलना कायमची ‘० आणि न’ यांच्यात राहिली. न पाच असेल तर ही अट कधीच बाहेर पडू देणार नाही. न शून्य असेल तर पहिल्याच फेरीत बाहेर पडून ० मिळतो.

उपाय असा. लूपच्या पहिल्या ब्लॉकमध्ये शिरताना प्रत्येक जिवंत लोकलसाठी, आणि स्टॅकवर काही असेल तर त्यासाठीही, डोळे झाकून फाय नोड, म्हणजे ज्या वाटेने आलो त्या वाटेची किंमत देणारा नोड, बनवा. त्याची पहिली कड वरून आलेल्या नोडकडे जाईल, दुसरी रिकामी राहील. शरीराचा ब्लॉक पूर्ण करून १६ च्या गोटूपाशी पोचलात, की तिथल्या लोकलमधले नोड त्या रिकाम्या कडांना जोडा. इथे तीन फाय बनतील. बेरजेच्या फायला (०, बेरीज + मोजणी) आणि मोजणीच्या फायला (०, मोजणी + १) अशा कडा मिळतील. न च्या फायला (न, स्वतः) मिळेल, म्हणजे तो निरर्थक आहे. स्वतःला सोडून एकच वेगळी कड असलेला फाय काढून टाका आणि त्याच्या जागी ती कड वापरा. तो काढल्यावर त्याला वापरणारे इतर फाय पुन्हा तपासा, कारण एक गेला की दुसराही निरर्थक ठरू शकतो.

आणखी एक जागा पाहून घ्या. अटीपाशी दोन फांद्या फुटतात. तिथे लोकलच्या अ‍ॅरेची प्रत करून प्रत्येक फांदीला स्वतंत्र द्यायला हवी. एकच अ‍ॅरे दोघींना दिलात, तर शरीरातले बदल १९ च्या ब्लॉकमध्ये झिरपतील आणि आयरिटर्न फायऐवजी आतल्या बेरजेचा नोड परत करेल. न = ० असतानाही तो नोड लागतो, पण त्या वाटेवर तो मोजलेलाच नसतो. ही चूक शोधायला फार वेळ खाते, म्हणून आधीच सांगितली.

प्रश्न : मी बाइटकोड स्वतः वाचतो आहे. गोटूचा पत्ता ४ च्या ऐवजी ६५,५४० येतो. का?
— वाचक, अमळनेर

उत्तर : ऑफसेट, म्हणजे उडी किती पुढे-मागे घ्यायची तो आकडा, चिन्हासहित वाचलेला नाही. वरच्या उदाहरणात १६ व्या जागेवर १६७, २५५, २४४ हे तीन बाइट असतात. १६७ म्हणजे गोटू. पुढचे दोन मिळून २५५ × २५६ + २४४ = ६५,५२४. ही चिन्हासहित १६ बिटांची संख्या आहे, म्हणून तिचा अर्थ ६५,५२४ − ६५,५३६ = −१२. हा ऑफसेट गोटूच्या स्वतःच्या पत्त्यापासून मोजतात, पुढच्या सूचनेपासून नाही : १६ − १२ = ४. टेबलस्विच या अनेक वाटांच्या उडीच्या सूचनेत तर ऑपकोडनंतर (सूचनेच्या सांकेतिक बाइटनंतर) ० ते ३ बाइट निव्वळ भरणीचे असतात, म्हणजे पुढचे ऑफसेट मेथडच्या सुरुवातीपासून चारच्या पटीत येतात आणि ते ३२ बिटांचे असतात. ती भरणी वगळायला विसरलं, की पुढची प्रत्येक सूचना चुकीची वाचली जाते.

प्रश्न : फाय नोड म्हणजे ‘यापैकी एक किंमत’ असं मुलांना सांगतो, पण ‘कोणती ते कोण ठरवतं?’ या प्रश्नापाशी अडतो.
— पॉलिटेक्निकचे शिक्षक, भुसावळ

उत्तर : मुलांना आपलं जंक्शन दाखवा. मुंबईकडे निघालेली गाडी भुसावळला नागपूरच्या मार्गाने आली की इटारसीच्या, हे ती कोणत्या रुळावरून आत शिरली त्यावरून ठरतं, स्टेशनात कुणी निवड करत नाही. फायचंही तसंच. तो कोणतीही अट तपासत नाही. संगमाच्या नोडला येणाऱ्या वाटा क्रमाने लावलेल्या असतात आणि फायच्या कडा त्याच क्रमाने असतात. नियंत्रण दुसऱ्या वाटेने आलं तर दुसरी कड. म्हणून संगमाची एखादी वाट मृत ठरवून काढली, तर त्या संगमाच्या प्रत्येक फायमधली त्याच क्रमांकाची कड काढावीच लागते. हे चुकलं की ग्राफ दिसायला धडधाकट असतो आणि उत्तरं मात्र अदलाबदल होऊन येतात.

वर्गात दोन गोष्टी आवर्जून करून घ्या. ‘अट ? अ : ब’ हे लिहायला सांगा. दोन्ही फांद्या आपापली किंमत स्टॅकवर ठेवून संगमाला येतात, त्यामुळे फाय लोकलला नाही, स्टॅकच्या जागेला लागतो. बहुतेक मुलं फक्त लोकल जुळवतात. दोन्ही बाजूंनी स्टॅकची खोली सारखी असल्याची खात्री व्हेरिफायरने, म्हणजे चालवण्याआधी बाइटकोड तपासणाऱ्या भागाने, आधीच केलेली असते, ती पुन्हा तपासून दोष पकडायला मदतच होते.

दुसरी गोष्ट अशी, की जावा कंपायलर लोकलची जागा पुन्हा वापरतो. एका फांदीत लोकल ३ मध्ये पूर्णांक आणि दुसरीत एखाद्या ऑब्जेक्टचा संदर्भ, असं चालतं, फक्त संगमानंतर तो लोकल वाचायचा नाही. अशा जोडीचा फाय बनवायला गेलात तर प्रकार जुळत नाहीत. पुढे कोणता लोकल वाचला जाणार आहे, याची यादी ब्लॉक पाडल्यावरच काढून ठेवा आणि जे वाचले जाणार नाहीत त्यांना फाय देऊच नका. लाँग आणि डबल दोन जागा अडवतात, हेही याच वेळी सांगून टाका.

प्रश्न : केळीच्या घडांची वजनं एका अ‍ॅरेत आहेत आणि ऑब्जेक्टच्या ‘एकूण’ या फील्डमध्ये ती मिळवत जायची आहेत. बेरीज-वजाबाकीचे नोड कुठेही ‘तरंगू’ शकतात असं वाचलं. मग फील्डचं लिहिणं-वाचणंही तरंगलं तर हिशेब बिघडणार नाही का?
— वाचक, रावेर

उत्तर : बिघडेल, आणि ग्राफ बांधणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. ‘एकूण’मध्ये वजन मिळवण्याच्या ओळीचा बाइटकोड असा : एलोड ०, डुप, गेटफील्ड, एलोड १, आयलोड २, आयएलोड, आयअ‍ॅड, पुटफील्ड. डुप फक्त त्याच नोडचा संदर्भ दुसऱ्यांदा ठेवतो. आयअ‍ॅडला कसलाच परिणाम नाही, तो तरंगू द्या. फील्ड वाचणारा गेटफील्ड आणि लिहिणारा पुटफील्ड यांना मात्र क्रम लागतो, आणि तो दोन पद्धतींनी सांभाळतात. ग्राल कंपायलर अशा नोडना सुरुवातीला नियंत्रणाच्या साखळीतच पक्कं बसवतो आणि वाचणारे नोड पुढच्या टप्प्यात सुटे करतो. हॉटस्पॉट या जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचा सी-टू कंपायलर मेमरीची स्थिती हीच एक किंमत मानतो : पुटफील्ड जुनी मेमरी घेतो आणि नवी देतो, वाचणारा नोड आपल्याला हव्या त्या मेमरीकडे बोट दाखवतो. त्यामुळे मेमरीलाही संगमावर फाय लागतो.

आयएलोड एक सूचना दिसते, पण ग्राफमध्ये तिचे चार भाग पडतात : अ‍ॅरे नल आहे का, त्याची लांबी किती, क्रमांक लांबीहून लहान आहे का आणि शेवटी प्रत्यक्ष वाचन. क्रमांकाची तुलना चिन्हरहित केली, की ऋण क्रमांक फार मोठा दिसतो आणि एकाच तुलनेत दोन्ही टोकं तपासली जातात. वाचनाचा नोड या तपासणीच्या यशस्वी फांदीला बांधलेला हवा. ती कड राहिली, तर पुढचा टप्पा वाचन तपासणीच्या वर नेऊन ठेवेल आणि अ‍ॅरेच्या बाहेरची मेमरी वाचली जाईल.

तपासणी फसली तर? अपवाद त्याच मेथडमध्ये पकडला जात असेल, तर हँडलरच्या ब्लॉकमध्ये शिरताना लोकल त्या क्षणी होते तसेच न्यायचे आणि स्टॅक रिकामा करून त्यावर फक्त अपवादाचं ऑब्जेक्ट ठेवायचं. प्रत्यक्षात कंपायलर बऱ्याचदा ही वाट बांधतच नाही. कधीच न घडलेली फांदी तोडून तिथून इंटरप्रिटरकडे (बाइटकोड एकेक सूचना करून चालवणाऱ्या भागाकडे) परत जायची सोय ठेवतो, त्याला डीऑप्टिमायझेशन म्हणतात. त्यासाठी तिथे फ्रेमची पूर्ण स्थिती नोंदवावी लागते : सूचनेचा पत्ता, सगळे जिवंत लोकल, स्टॅक आणि घेतलेली कुलुपं. आपल्या ओळीत आयएलोडपाशी स्टॅकवर चार गोष्टी असतात : ऑब्जेक्ट, जुनं एकूण, अ‍ॅरे आणि क्रमांक. नोंदीतून जुनं एकूण सुटलं, तर इंटरप्रिटर पुढे आयअ‍ॅड करणार कशावर?

या नोंदीचा पत्ता फार जपून निवडावा लागतो. पुटफील्ड होऊन गेल्यावर पुढची एखादी तपासणी फसली आणि नोंद मात्र पुटफील्डच्या आधीची असेल, तर इंटरप्रिटर तीच भर दुसऱ्यांदा घालेल. एका घडाचं वजन दोनदा लागेल, तेही क्वचित कधीतरी. म्हणून बाहेर परिणाम करणाऱ्या प्रत्येक सूचनेनंतर नवी नोंद घ्यायची आणि पुढच्या तपासण्यांनी तीच वापरायची.

प्रश्न : जिनिंगच्या बिलांचा प्रोग्राम चालवतो. सगळे नियम एकाच मोठ्या मेथडमध्ये आहेत, ती एका साधनाने आपोआप तयार केलेली आहे. कितीही वेळ चालवली तरी तिचा वेग वाढत नाही.
— प्रोग्रामर, धुळे

उत्तर : तिच्या बाइटकोडची लांबी पाहा. ८,००० बाइटपेक्षा मोठी मेथड हॉटस्पॉट मूळ सेटिंगमध्ये कंपाइलच करत नाही. तिचा ग्राफ कधी बांधलाच जात नाही, ती कायम इंटरप्रिटरमध्ये राहते. क्लास फाइलची मर्यादा ६५,५३५ बाइटची असल्यामुळे जावा कंपायलर मात्र तक्रार करत नाही. ही बंदी ‘डोन्टकंपाइलह्यूजमेथड्स’ हा पर्याय बंद करून उठवता येते, पण एवढ्या मोठ्या ग्राफला वेळ आणि मेमरी दोन्ही खूप लागतात. नियमांचे गट पाडून साधनाकडून लहान मेथड तयार करून घेणं जास्त चांगलं. वारंवार बोलावली जाणारी मेथड ३२५ बाइटपर्यंत असेल, तर ती बोलावणाऱ्याच्या ग्राफमध्येच सामावून घेण्याचा विचार होतो. क्वचित बोलावली जाणारी असेल तर ही मर्यादा ३५ बाइट आहे. ‘प्रिंटकंपायलेशन’ चालू करून यादी पाहा. टक्क्याची खूण असलेली ओळ म्हणजे चालू लूपच्या मध्येच कंपाइल केलेला कोड. त्याच्या ग्राफचं प्रवेशद्वार लूपच्या सुरुवातीला असतं आणि लोकल इंटरप्रिटरच्या फ्रेममधून उचलले जातात.

प्रश्न : प्रकल्पासाठी ‘सी ऑफ नोड्स’ घ्यावा की ब्लॉक ठेवून फाय वापरावेत?
— दोन विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : ब्लॉक ठेवा. क्लिफ क्लिक यांनी १९९५ मध्ये मांडलेली सी ऑफ नोड्सची रचना, म्हणजे नोड ब्लॉकमध्ये न बांधता कडांच्या आधारे मोकळे ठेवणं, सुंदर आहे आणि सी-टू आजही तीच वापरतो. पण तिच्यात प्रत्येक नोड शेवटी कोणत्या ब्लॉकमध्ये बसवायचा, हे वेगळं शोधावं लागतं आणि मेमरीची एक कड विसरली तरी दोष फार उशिरा उघडकीला येतो. व्हीएट हे जावास्क्रिप्टचं इंजिनही सी ऑफ नोड्सकडून ब्लॉकवर उभ्या असलेल्या टर्बोशाफ्टकडे वळलं आहे. सुरुवातीला ब्लॉक उलट्या पोस्टऑर्डरने घ्या, म्हणजे मागे येणाऱ्या कडा सोडून ब्लॉकच्या आधीचे सगळे ब्लॉक झालेले असतील. लूपच्या मध्येच बाहेरून उडी मारणारा, दोन प्रवेश असलेला लूप आढळला तर तो नाकारा. जावा कंपायलर तसा कोड तयार करत नाही, आणि ग्रालसुद्धा असा लूप दिसला की त्या मेथडचं कंपायलेशन सोडून देऊ शकतो. प्रत्येक टप्प्यानंतर ग्राफ तपासणारं एक फंक्शन मात्र पहिल्याच आठवड्यात लिहा : फायच्या कडांची संख्या संगमाच्या वाटांइतकी आहे का, आणि प्रत्येक नोड वापरण्याच्या जागी नियंत्रण त्या नोडवरूनच आलेलं आहे का.