बेळगावात राहून आशेच्या गोष्टी सांगणारा टॉक शो करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही खानापूर तालुक्यातले, पदवी झालीय, मराठी चांगलं बोलता, आणि संकटातून वर आलेल्या माणसांना टीव्हीवर बोलतं करणारा सूत्रसंचालक व्हायचं आहे. यात करिअर होतं का, आणि त्यासाठी मुंबई गाठावीच लागते का?

होतं. मुंबई मात्र पहिल्या दिवशी गाठावी लागत नाही. मी बेळगावच्या शहापुरात राहते. इथल्या एका स्थानिक केबल वाहिनीवर अर्ध्या तासाचा मुलाखतींचा कार्यक्रम करते, तेच भाग पुढे यूट्यूबवर जातात. त्यावर घर चालत नाही हे आधीच सांगते. घर चालतं ते निवेदनावर, दुकानांच्या जाहिरातींना दिलेल्या आवाजावर आणि कॉलेजांत घेतलेल्या वर्गांवर. पण माझी ओळख त्या अर्ध्या तासामुळेच आहे आणि बाकीची कामं त्या ओळखीमुळे येतात.

एक गोष्ट मनात पक्की धरा. 'टॉक शोसाठी सूत्रसंचालक पाहिजे' अशी जाहिरात निघत नाही. माणूस बातमीदार असतो, वृत्तनिवेदक असतो, रंगमंचावरचा किंवा आकाशवाणीवरचा असतो, आणि तिथून तो या खुर्चीत येतो. ज्यांची नावं तुम्ही घ्याल त्यांतल्या बहुतेकांचं असंच झालं. अमेरिकेत टॉक शो करणाऱ्या ऑप्रा विन्फ्रे आज सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांची सुरुवात तिथल्या नॅशव्हिलच्या रेडिओवर शाळकरी वयात झाली. १९७६ मध्ये त्या बाल्टिमोरला संध्याकाळच्या बातम्या द्यायला गेल्या आणि वर्षभरातच त्यांना त्या जागेवरून काढलं. १९७८ मध्ये तिथल्याच एका सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात बसवलं, आणि तिथे त्यांना आपलं काम सापडलं. १९८४ मध्ये शिकागो, १९८६ मध्ये 'द ऑप्रा विन्फ्रे शो' देशभर. पंचवीस हंगाम करून २५ मे २०११ ला तो कार्यक्रम थांबला. तुमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ मधला आहे. नव्वदच्या दशकात तिकडे टॉक शो म्हणजे स्टेजवर भांडणं लावून देणं असं झालं होतं आणि त्याला प्रेक्षकही भरपूर होते. त्या वेळी त्यांनी ठरवून कार्यक्रमाची दिशा बदलली. माणसाला उभारी देईल तेच दाखवायचं, हा निर्णय त्यांनी कार्यक्रम जोरात चालू असतानाच घेतला.

त्यांच्याही आधी अमेरिकेतच टॉक शो करणारे फिल डोनाह्यू. त्यांचा कार्यक्रम १९६७ मध्ये डेटनमध्ये सुरू झाला. डेटन म्हणजे ओहायोतलं मध्यम शहर, न्यूयॉर्क नव्हे. जाहिरातींच्या मधल्या वेळेत समोर बसलेली माणसं आपल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारतायत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते माइक घेऊन प्रेक्षकांत शिरले. आज जगभर दिसणारी ती पद्धत एका गावच्या स्टेशनातून आली. म्हणून कुणी 'बेळगावात बसून काय होणार' म्हटलं की मला डेटन आठवतं.

आता आपल्या बाजूचं बघू. बेळगाव राज्यभरच्या टीव्हीवर दिसतं कधी? १ नोव्हेंबरला काळा दिवस, १७ जानेवारीला हुतात्मा दिन, डिसेंबरच्या सुमाराला सुवर्ण विधानसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. किंवा एखाद्या फलकावरून, एखाद्या बसवरून तणाव झाला तर. हे दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. सीमाप्रश्न आमच्या घरांत तीन पिढ्या आहे, त्याची बातमी झालीच पाहिजे. पण वर्षाचे उरलेले दिवस इथे माणसं राहतात. वडगावात माग चालतात, उद्यमबागेत फाउंड्रीत ओतकाम होतं, खानापुरात कुंभार चाक फिरवतात, आखाड्यात पोरं पहाटे माती उकरतात. या माणसांना कुणी सावकाश बसवून विचारलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या वाहिन्यांच्या लेखी आम्ही कर्नाटकातले, कन्नड वाहिन्यांच्या लेखी आम्ही मराठी. या दोन्हींच्या मध्ये जी जागा मोकळी पडली आहे तिथे तुमचा कार्यक्रम उभा राहू शकतो, आणि ती जागा भरणारं कुणीतरी हवंच आहे असं मला मनापासून वाटतं.

मुलाखत कशी घ्यायची हे मी एका उदाहरणावरून सांगते, कारण सगळं त्यात येतं.

निपाणीकडची एक बिडी कामगार बाई आमच्याकडे आली होती. नवरा लवकर गेला. तिनं बिड्या वळून थोरल्या मुलीला नर्सिंगला घातलं, मुलगी नोकरीला लागली. अशी बाई समोर आली की बहुतेक जण विचारतात, "मुलगी नर्स झाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" उत्तर येतं, "बरं वाटलं." संपलं. तिचं आयुष्य दोन शब्दांत गेलं. मी रेकॉर्डिंगच्या आधी तिच्या घरी जाऊन बसले होते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. हजार बिड्यांवर मजुरी, आणि त्यातली छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, निघाली की ती वजा. हे बघितलं होतं म्हणून स्टुडिओत पहिलाच प्रश्न विचारला, "पहिल्या वर्षाची फी कुणी भरली?"

ती म्हणाली, "भरतंय कोण? मीच भरलो की. डोरलं सोसायटीत ठेवलो. ते बी पुरंना. मग शेजारच्या दोघींनी त्यांची भिशी मला आधी उचलू दिली."

आणि मग ती थांबेचना. कुठल्या महिन्यात किती कमी पडले, मुलगी परीक्षेच्या दिवसांत दोरा कसा गुंडाळून द्यायची, कारखानदाराकडून उचल का घेतली नाही, सगळं. बोलता बोलता तिची बोटं रिकाम्या मांडीवर पान वळत होती. आमच्या कॅमेरामननं मला न विचारता दुसरा कॅमेरा त्या बोटांवर नेला आणि संकलनात आम्ही तो शॉट लांबच ठेवला. दुसऱ्या दिवशी जे फोन आले त्यांतले कितीतरी त्या शेजारणींसाठी होते. "त्या दोघींना पण बोलवा की." आम्ही बोलावलं. भिशीचा नंबर सोडणाऱ्या दोघींवर अख्खा भाग झाला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त बघितला गेला.

मला या कामाबद्दल सांगायचं आहे ते एवढंच. आशेच्या गोष्टीत हिशोब विचारा. पैसे कुठून आले, कुणी दार उघडलं, कुणी लावून घेतलं, कुठला उपाय फसला, त्या रात्री घरात काय शिजलं. 'जिद्द होती म्हणून झालं' ऐकून घरी बसलेल्या माणसाला काही करता येत नाही, उलट आपल्यातच जिद्द नाही असं त्याला वाटायला लागतं. सोसायटीत डोरलं तारण ठेवता येतं, भिशीचा नंबर बदलून मागता येतो, हे ऐकलं तर त्याच्या हाताला काहीतरी लागतं. पार्श्वसंगीत वाढवून रडवणं सोपं आहे. वाहिनीवाले तसं मागतील. ठामपणे नाही म्हणा.

मोठे कार्यक्रम बघा, पण कारागिराच्या नजरेनं. आमच्याकडे मराठी घरांतही झी कन्नडवरचा, कन्नड अभिनेते रमेश अरविंद यांचा 'वीकेंड विथ रमेश' बघतात. २०१४ मध्ये तो सुरू झाला. पाहुणा लाल खुर्चीत बसतो आणि मग त्याचे शाळेतले मास्तर, जुने मित्र, घरचे एकेक करून समोर येतात. प्रेक्षक भारावतो, पण तुम्ही मोजा की त्या माणसांना शोधायला, आणायला, गुप्त ठेवायला किती दिवस आधी काम झालं असेल. 'कौन बनेगा करोडपती'च्या कर्मवीर भागात २०१९ मध्ये सिंधुताई सपकाळ आल्या होत्या, तो भाग मिळाला तर बघा. दूरदर्शनवर तबस्सुम यांनी १९७२ पासून वीसेक वर्षं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' केला; पाहुण्याला मोकळं करायची त्यांची हातोटी अजून शिकण्यासारखी आहे. सुधीर गाडगीळ यांच्या प्रकट मुलाखती ऐका आणि ते गप्प कधी बसतात एवढंच टिपून घ्या. फक्त एक फरक लक्षात ठेवा. तिथे येणारी बहुतेक माणसं जिंकून आलेली असतात. आपल्याकडे अजून झगडा चालू असलेला माणूस बोलावता येतो, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

तांत्रिक बाजू शिकून होते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं हातात येतात, रेकॉर्डिंग तासभर चालतं. कानात निर्मात्याचा आवाज येत असताना पाहुण्याच्या डोळ्यांत बघत राहणं, हे सरावानेच जमतं. बारीक रेघांचा शर्ट किंवा साडी कॅमेऱ्यावर थरथरते, ती टाळायची. पाहुण्याला बसल्या बसल्या पाणी द्यायचं आणि माइक लावताना आधी विचारायचं, विशेषतः बायकांना. शिक्षण घ्यायचं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, धारवाडला कर्नाटक विद्यापीठात किंवा पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकता येते. धारवाड जवळ आहे आणि तिथे तुमचं कन्नडही सुधारेल.

कन्नडबद्दल जरा स्पष्ट बोलते. चांगलं कन्नड शिका, नुसतं बाजारापुरतं नको. या जिल्ह्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी कन्नडमध्ये आहेत, आणि मराठी पाहुणासुद्धा दवाखान्यातला, तहसीलदार कचेरीतला प्रसंग सांगताना कन्नडमध्ये शिरतो, कारण तो प्रसंग त्या भाषेत घडलेला असतो. तिथे त्याला अडवू नका. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या आणि पुढच्या प्रश्नातच त्याचा अर्थ मराठीत सांगून टाका. कन्नड शिकल्यानं माझी मराठी तसूभरही कमी झालेली नाही. माझे आजोबा सीमालढ्यात तुरुंगात गेले होते आणि त्यांचं कन्नड घरात सगळ्यांत चांगलं होतं.

भाग दाखवला की काम संपत नाही, आणि याबद्दल कुणी शिकवत नाही. माणूस टीव्हीवर दिसला की त्याला पैसे मिळाले असं गावाला वाटतं. उसने मागणारे येतात, मदत करतो म्हणून खात्याची माहिती काढून घेणारे येतात. म्हणून पाहुण्याचा नंबर, खातं, क्यूआर कोड पडद्यावर कधीच देऊ नका. मदत करायची असेल तर शाळेच्या किंवा दवाखान्याच्या नावे परस्पर भरायला सांगा. प्रक्षेपणाआधी पाहुण्याला संकलित भाग दाखवा आणि तो म्हणाला 'हे काढा' तर काढा. लहान मूल गुन्ह्यात अडकलेलं असो, अत्याचाराला बळी पडलेलं असो की निराधार म्हणून बालकल्याण समितीपुढे आलेलं, त्याचं नाव, चेहरा, शाळा काहीही दाखवता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे. 'गोष्ट आशेची आहे' ही सबब तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

पैशाचं वर आलंच आहे. स्थानिक वाहिनीवर मानधन थोडं असतं, प्रायोजक म्हणजे सराफ, साडीची दुकानं, क्लासेस. प्रायोजकाला स्वतःच पाहुणा व्हायचं असतं, तिथे गोड बोलून पण ठाम राहावं लागतं. पहिली काही वर्षं दुसरी कमाई ठेवाच. नोकरी सोडून यात उडी घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

सुरुवात कुठून करायची? तुमच्यासाठी सगळ्यांत चांगली शाळा म्हणजे सीमाभागातली गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा आणि तुमच्या खानापूर तालुक्यात माचीगड. गावची माणसं वर्गणी काढून ती भरवतात आणि मांडवात बायका, शेतकरी, शाळेतली पोरं बसून ऐकतात. आयोजकांना प्रकट मुलाखत घेणारं माणूस हवं असतं. तिथे संकलन नाही, रिटेक नाही. प्रश्न लांबला तर मांडवातली माणसं चहाला उठतात, ते लगेच दिसतं. दिवाळीच्या आधीच आयोजकांना भेटा, कारण नंतर कार्यक्रमपत्रिका छापायला जाते. 'कुणाची मुलाखत घेणार' असं ते विचारतील. तेव्हा पुण्या-मुंबईचं नाव सांगू नका. त्याच गावातला माणूस सुचवा, त्याच्या घरी आधी दोनदा जाऊन या, आणि पहिला प्रश्न तिथे बघितलेल्या एखाद्या वस्तूवरून विचारा.