एनटी-प्रोबीएनपी वाढलंय, मग दोष हार्टचा की किडनीचा?

प्रश्न (गुहागर): बाबा ७२ वर्षांचे, किडनीची तपासणी क्रिएटिनिन २.४, म्हणजे वाढलेलं. चालताना दम लागतो म्हणून एनटी-प्रोबीएनपी (हार्टवरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) केली, ती २८०० आली. लॅबने नॉर्मल १२५ च्या खाली लिहिलंय, पण इकोत पंपिंग ६० टक्के. हार्ट फेल झालंय का?

उत्तर: कागदावरचा १२५ सरसकट सगळ्यांसाठी छापलेला असतो हो, त्यात बाबांचं वय नाही की किडनी नाही. अचानक दम लागून आलेल्या पेशंटमध्येसुद्धा ५० ते ७५ वयाला ९०० च्या वर गेलं तर हार्ट फेल्युअरचा दाट संशय घेतात. आता हे बनतं कसं ते बघा. हार्टच्या खालच्या कप्प्यांवर ताण आला की तिथल्या स्नायूपेशी एक मोठं प्रोटीन सोडतात आणि त्याचे दोन तुकडे होतात, एक बीएनपी जो खरं काम करतो आणि दुसरा एनटी-प्रोबीएनपी जो काहीच करत नाही, नुसता रक्तात फिरतो. बीएनपीला तोडायला शरीरात एन्झाइम आहे, तो साधारण २० मिनिटांत निम्मा होतो, दुसऱ्याला तशी सोय नाही, त्याची भिस्त बरीचशी किडनीवर, म्हणजे किडनी मंदावली की हा साठत जाणार.

पण म्हणून "किडनीमुळेच वाढलंय, सोडून द्या" असंही म्हणू नका. किडनी पाणी धरून ठेवते तेव्हा हार्ट खरंच ताणलं जातं, आणि पंपिंग ६० टक्के असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, हे बऱ्याच जणांना पटतच नाही. ठोके अनियमित असतील तर आकडा अजून चढतो, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतो. माझं मत विचाराल तर एकट्या आकड्यावर निदान करूच नये. जुना रिपोर्ट असेल तर शेजारी ठेवा, वजन, पायाची सूज बघा आणि याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर आठवडाही थांबू नका.

प्रश्न (मालवण): हार्टच लघवी वाढवणारं हार्मोन बनवतं म्हणे. मग आईला लघवीची गोळी कशाला?

उत्तर: बनवतं, खरंय. १९८१ मध्ये कॅनडात डी बोल्ड यांनी उंदरांच्या हार्टच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी, त्यातलं सोडियम, भराभर वाढलं. त्या अर्कातलं हार्मोन म्हणजेच एएनपी. हे किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी रुंद करतं, बाहेर नेणारी आवळतं, त्यामुळे गाळणं वाढतं, पुढे सोडियम परत शोषायला अडवतं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या रेनिन, अल्डोस्टेरॉनलाही दाबतं. पण हार्ट फेल्युअरमध्ये रेनिन, अल्डोस्टेरॉन इतके उसळतात की या हार्मोनचं काही चालत नाही, आणि रक्तातलं बरंचसं बीएनपी तर त्या मोठ्या प्रोटीनपासून धड वेगळं न झालेलं, दुबळं असतं. म्हणून गोळी लागते, मनाने बंद करू नका.

प्रश्न (देवगड): किडनीचा त्रास आहे. वरचं मीठ बंद केलं, सैंधव आणि लो सोडियम मीठ आणलंय. सुकं मासं चालेल?

उत्तर: सैंधव म्हणजेसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच, नुसतं गुलाबी. लो सोडियम मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी मंद असताना ते रक्तात चढून हार्टचे ठोके बिघडवू शकतं, ते तर आजच बाजूला काढा. दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा. नुसत्या उन्हात वाळवलेला जवळा, बोंबील थोडा चालेल, पण खारवलेला बांगडा, पेजेबरोबरचं लोणचं आणि सोलकढीतलं मीठ घातलेलं आगळ, हेच कोणी मोजत नाही! आगळाऐवजी आमसुलं भिजवून सोलकढी करा, पण आमसुलालाही मीठ लावलेलं असतं तेव्हा आधी चाखून बघा. जास्त मीठ खाल्लं की हार्ट ताणून एएनपी सोडतं, पण त्याचं ऐकायला किडनीत गाळण्याच उरल्या नसतील तर ते तरी काय करणार.

प्रश्न (दापोली): दिवसभर पाय सुजतात आणि रात्री तीनतीनदा उठावं लागतं. शुगर नॉर्मल आहे.

उत्तर: आडवं झाल्यावर पायातलं पाणी रक्तात परततं, हार्टचे वरचे कप्पे ताणतात, एएनपी सुटतं, लघवी होते. संध्याकाळी तासभर पाय वर ठेवून बघा. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही एएनपी वाढतं. आणि पाय का सुजतात ते तपासून घ्याच.

प्रश्न (चिपळूण): हार्ट फेल्युअरची सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन गोळी सुरू केली आणि बीएनपी वाढलं. गोळी लागू पडत नाही का?

उत्तर: उलट, गोळीच बीएनपी तोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, मग बीएनपी वाढणारच, तुमच्यासाठी एनटी-प्रोबीएनपी बघायला हवं. ही गोळी रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपी-हार्टच्या गोळ्यांबरोबर अजिबात घ्यायची नाही, चेहरा-घसा सुजून जीवावर बेतू शकतं, बदलताना मध्ये ३६ तास जाऊ द्यावे लागतात. घरात जुनी पाकिटं पडली असतील तर पुढच्या व्हिजिटला सगळी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.