आदिमानव धान्य खात नव्हता का?

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून त्याने भाकरी, डाळ, दूध सगळं सोडलंय. चिकन, अंडी, बदाम एवढंच खातो. ‘आदिमानव धान्य खात नव्हता, आपलं शरीर त्याच आहारासाठी घडलंय’ असं म्हणतो. आता वडिलांनाही हेच खायला सांगतोय. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी यजमानांना थांबवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोळी-भात एकदम बंद केला, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, प्रसंगी शुद्ध हरपते. डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय हा प्रयोग नकोच.

आता मुलाचं. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली अश्मयुगीन आहाराचा विचार वैद्यकीय जगापुढे मांडला, आणि आजचं खाणं आपल्या शरीराला मानवत नाही हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आदिमानव धान्य खात नव्हता, हे उत्खननांत टिकत नाही. गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी जवाचे दाणे सापडले, शिवाय धान्य दळायचा दगडही. जॉर्डनमध्ये शुबायका इथल्या चुलीत तर भाजलेल्या भाकरीचे करपलेले तुकडे मिळाले. ते १४,००० वर्षांहून जुने आहेत, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्याही कितीतरी आधीचे!

शिवाय पूर्वज म्हणजे नेमके कुठले? टांझानियातले हाड्झा आजही शिकार करतात, पण त्याबरोबर कंद, बोरांसारखी रानफळं, गोरखचिंचेची फळं आणि भरपूर मधही खातात. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट मात्र पिढ्यान्‌पिढ्या सील आणि माशांवर जगले. माणसाचं शरीर या दोन्हींवर तगलं. आणि ते अश्मयुगात थांबलेलंही नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतच काही समाजांत पसरली. तुमच्या मुलाला दूध पचत असेल, तर ते सोडायचं कारण मला दिसत नाही.

अशा आहाराने काही आठवड्यांत वजन आणि कंबरेचा घेर कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय, हे खरं. मुलालाही बरं वाटत असेल. पण त्याने भाकरीबरोबर बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंकही सोडलं असणार, आणि माझ्या मते फायदा त्याचाच आहे. डाळी-उसळी गेल्या की चोथा कमी पडतो. दूध आणि नाचणी दोन्ही गेली की कॅल्शियमचं काय? शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट.

त्याच्याशी वाद घालू नका. अंडी, चिकन खुशाल खाऊ दे, साखर आणि मैदा बंदच राहू दे. रात्रीच्या जेवणात मात्र ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ आणि एखादी पालेभाजी वाढून बघा.