हात त्यांनी सोडायला लावला

ताई,
तीन आठवडे होत आले. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी मेट्रो स्टेशनातून बाहेर पडत होते. अचानक हेल्मेट घातलेले, अंगावर चिलखत चढवलेले पोलिस चारही बाजूंनी धावत आले. रायफली आमच्यावर रोखलेल्या. ‘हात वर! हात वर!’ असं ओरडले. मी मुलाचा हात सोडला आणि दोन्ही हात वर केले. तो ‘आई, आई’ करत होता, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी बॅग तपासली, वायरलेसवर कुणाशी बोलले आणि ‘वर्णन जुळलं होतं, जा तुम्ही’ म्हणाले. एकाचाही चेहरा आठवत नाही, बंदुकीची नळी मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून झोप नाही, त्या स्टेशनकडे पाय वळत नाहीत. नवरा म्हणतो, काही झालं नाही ना, मग विसर. मुलगा रोज खेळण्यांना ‘हात वर’ करायला लावतो. मला एकच गोष्ट खाते: आई असून मी त्याचा हात सोडला.
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्याखाली दबलंय. बंदूक रोखून उभा असलेला पोलिस समोरच्याचे हात बघत असतो. हात खिशात जातोय का, बॅगेत जातोय का, एवढ्यावर त्याचा पुढचा क्षण ठरतो. त्या वेळी तू खाली वाकून मुलाला कवटाळलं असतंस, तर त्यांना आई दिसली असती की वाकलेली, हात लपलेली एक संशयित? मला वाटतं, दुसरंच दिसलं असतं. तुझे रिकामे हात त्यांना दिसत राहिले, म्हणून त्या नळ्यांसमोर तुमच्या दोघांचाही धोका कमी झाला. त्या घडीला मुलाला सांभाळायचा तोच मार्ग होता आणि तो तू धरलास.

आवाज फुटला नाही, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. जीवावरचं संकट समोर आलं की शरीर पळतं, झगडतं किंवा जागच्या जागी गोठतं. यातलं काय करायचं हे आपण ठरवत नाही, विचार सुरू व्हायच्या आधीच ते होऊन गेलेलं असतं. चेहरे न आठवण्याचंही तसंच. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना एका ग्राहकाची चित्रं दाखवली. काहींच्या चित्रात ग्राहकाने कॅशियरसमोर चेक धरला होता, काहींच्या चित्रात बंदूक. बंदूक बघणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा बंदुकीवरच गेली आणि त्या माणसाबद्दलचं त्यांना कमी आठवलं. तिथे तर फक्त चित्रं होती. तुझ्यासमोर खरी रायफल होती आणि शेजारी तुझं मूल.

नवऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ‘काही झालं नाही’ हे खरं नाही, आणि ते ऐकून तू जास्त एकटी पडतेस. जुलै 2005 मध्ये लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी जाँ शार्ल द मेनेझेस या निरपराध ब्राझिलियन तरुणाला दुसराच कुणी समजून गोळ्या घातल्या. म्हणजे तुझ्या शरीराने ओळखलेला धोका कल्पनेतला नव्हता. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. त्याने समजूत घालू नये, तू सांगशील तेवढं ऐकावं, बस. तुलाही सगळं तपशीलवार सांगायची सक्ती नाही. ताबडतोब सगळं बोलून मोकळं व्हायलाच हवं, असं पूर्वी मानत. आता तशी सक्ती करू नये असंच तज्ज्ञ सांगतात.

अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य पुन्हा दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरत जातं. महिना उलटूनही हे चालूच राहिलं, किंवा रोजचं काम अडायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी) आणि ईएमडीआर (ती आठवण मनात आणताना डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावणारी) या दोन उपचारपद्धतींची जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये शिफारस केली आहे, तेव्हा भेटशील त्यांना ‘तुम्हाला यातलं काय येतं?’ असं सरळ विचार. त्याच सूचनांमध्ये, पहिल्या महिन्यात अशा त्रासासाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत असंही म्हटलंय. म्हणून कुणाच्या तरी कपाटातली गोळी उचलून घेऊ नकोस. स्टेशन टाळत राहिलीस तर भीती तिथेच दबा धरून बसते. आधी कुणाला तरी सोबत घेऊन नुसती बाहेर उभी राहा. छाती धडधडली तरी लगेच मागे फिरू नकोस, धडधड उतरेपर्यंत थांब. आत जाणं नंतर कधीतरी.

ते पोलिस असे का वागले, याचं उत्तर आहे. कुठे बंदूकधारी शिरला, तर पूर्वी पोलिस वेढा घालून विशेष पथकाची वाट बघत. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, 2008 मध्ये मुंबईवर आणि 2015 मध्ये पॅरिसवर हल्ले झाले, आणि वाट बघण्यात माणसं मरतात हे पुन्हा पुन्हा दिसलं. तेव्हापासून ठिकठिकाणी जड शस्त्रांची पथकं मिनिटांत पोहोचून थेट भिडायला तयार केली गेली. मला हे समजतं. तरीही, एका आठ वर्षांच्या पोरावर रायफल रोखून ‘जा तुम्ही’ एवढ्यावर भागवणं मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये पोलिसांच्या शस्त्रवापराची मूलतत्त्वं ठरवली आहेत. त्यांनुसार माणसावर शस्त्र चालवायचं ते जीवावर बेतलं असतानाच, आणि शक्य असेल तिथे आधी आपली ओळख आणि स्पष्ट इशारा देऊन. तुमच्यावर गोळी चालली नाही, पण कुणाचं वर्णन होतं, ते किती जुळलं, मूल दिसत असूनही नळ्या का खाली गेल्या नाहीत, हे विचारायचा तुला हक्क आहे. तारीख, वेळ, कुठलं दार, काय शब्द ऐकलेस, सगळं आजच लिहून काढ. लेखी तक्रार दे. सीसीटीव्हीचं आणि पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, अशी मागणी त्यात आधी कर, कारण चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. तुमच्याकडे पोलिसांवरच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा असेल तर तिथेही प्रत दे.

आता मुलगा. त्याचा खेळ बंद करू नकोस. मुलं घाबरवणारी गोष्ट खेळातून पुन्हा पुन्हा हाताळतात, तशीच ती त्यांच्या ताब्यात येते. जवळ बस, बघ. खेळ हळूहळू बदलतोय का, खेळणी शेवटी हात खाली करून घरी जातात का? तसं होत असेल तर तो स्वतःच वाट काढतोय. तोच शेवट रोज तसाच होत असेल, खेळून तो जास्तच बिथरत असेल, अंथरूण ओलं व्हायला लागलं असेल, तर त्यालाही बालमानसतज्ज्ञांकडे ने.

‘ती गंमत होती’ असं मात्र त्याला सांगू नकोस, त्याने तुझा चेहरा पाहिलाय. या वयाची मुलं मनातल्या मनात ठरवून टाकतात की आपल्याच काहीतरी चुकीमुळे हे झालं. म्हणून थेट सांग: ‘त्यांनी आपल्याला दुसरंच कुणी समजलं. चूक त्यांची होती, तुझी नाही, माझी नाही. त्यांनी हात वर करायला सांगितलं म्हणून मी तुझा हात सोडला. मलाही खूप भीती वाटली, म्हणून आवाज आला नाही.’ मग तो विचारेल तेवढ्याचंच उत्तर दे. झोपायच्या वेळी नको, दिवसा बोल. आणि त्याच्या वर्गशिक्षिकांना काय झालं ते दोन ओळींत कळवून ठेव, म्हणजे शाळेत कुणी मोठ्याने ओरडलं आणि तो एकदम हात वर करून उभा राहिला, तर त्यांना त्याचं कारण ठाऊक असेल.

– तुझी ताई