गोळी, काडतूस आणि गेममधली ‘७.६२’

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘मुलगा मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळताना सारखा “७.६२ च्या गोळ्या संपल्या” असं ओरडतो. बातमीत मात्र “एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त” असं छापून येतं. गोळी आणि काडतूस एकच का? आणि काडतूस जिवंत कसं असतं?’

एकच नाहीत. बंदुकीच्या नळीतून सुटून जाऊन लागतो, तेवढाच तुकडा म्हणजे गोळी. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: धातूचं नळकांडं, त्यात दारू, बुडाशी ती दारू पेटवण्याची सोय आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. आपली क्रियापदंच हा फरक सांगतात. गोळी लागते, काडतूस कुणाला लागत नाही. डॉक्टर शरीरातून गोळी काढतात, काडतूस कधीच नाही. उलट कमरेला पट्टा असतो तो काडतुसांचा. काडतूस उडालं की मागे राहते ती ‘रिकामी पुंगळी’, आणि जे अजून उडालेलं नाही ते ‘जिवंत’. पंचनाम्यात जिवंत काडतुसं, रिकाम्या पुंगळ्या आणि गोळ्या वेगवेगळ्या मोजतात. तिथे या शब्दांची गल्लत झाली तर तपासच चुकेल.

शब्द आले कुठून, तेही बघण्यासारखं आहे. ‘गोळी’ आपली घरची. तोफेचा गोळा, बंदुकीची गोळी. ठासणीच्या बंदुकीत ती खरोखरच शिशाची गोल गोळी असे आणि दारू वेगळी ओतावी लागे. ‘दारूगोळा’ या समासात ती दोन वेगळी सामानं अजून शेजारी शेजारी बसलेली दिसतात. ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आलं, त्यांच्या ‘कार्तुशु’वरून. हिंदीत ‘कारतूस’ झालं, आपण मधल्या ‘र’चा ‘ड’ केला. त्याच्याही मागे इटालियन शब्द आहे, त्यात ‘कार्ता’ म्हणजे कागद. दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली कागदाची पुंगळी, हा त्याचा मूळ अर्थ. १८५७ साली चरबीवरून वणवा पेटला ती एन्फिल्डची काडतुसं कागदाचीच होती, म्हणून तर ती दातांनी फोडावी लागत. पुढे कागद गेला, धातू आला, आणि उरलेल्या नळकांड्याला आपण नेमका ‘पुंगळी’ हाच शब्द ठेवला. मला हे फार सुंदर वाटतं. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही मराठी माणूस त्याच अर्थापाशी पोचला.

शाळेत एनसीसीत असताना आम्ही पॉइंट टू टू रायफल चालवली. गोळीबार झाला की हवालदारसाहेब हिंदीत ‘खोखे गिनो’ म्हणायचे आणि आम्ही गवतात गुडघ्यांवर बसून पुंगळ्या शोधायचो. करंगळीच्या पेराहूनही लहान, वास उग्र, बुडाच्या कडेला पिनेने पाडलेली बारीकशी खाच. जितकी काडतुसं घेतली तितक्या पुंगळ्या परत द्यायच्या. एक जरी कमी पडली तरी कुणी जागचं हलायचं नाही. गोळी आणि काडतूस यांतला फरक मी शब्दकोशात नाही, त्या गवतात शिकलो.

आता गेमकडे. लांबवर जाताना गोळी खाली झुकते, एकेएम (एके-४७ चीच सुधारित आवृत्ती) सलग चालवली की नळी वर उचलते, हे त्यात चांगलं दाखवलंय. पण ‘७.६२’ नावाची एकच थैली एकेएम, कार९८के आणि एसएलआर या तिन्ही रायफलींना चालते, तिथे खरेपणा संपतो. एकेएमचं काडतूस ७.६२ बाय ३९, एसएलआरचं ७.६२ बाय ५१. पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कार९८के तर मुळात ७.९२ बाय ५७ ची. म्हणजे तिची पुंगळीच एकेएमच्या पुंगळीपेक्षा पावणेदोन सेंटिमीटरहून अधिक लांब. ते काडतूस एकेएममध्ये बसणारच नाही.

आणि हा फरक किरकोळ नाही, कारण असॉल्ट रायफल, म्हणजे हातात धरून सलग झाडता येणारी रायफल, ही जातच काडतुसातून जन्मली. जुन्या रायफलीचं लांब काडतूस इतकं जोरकस की हातात धरून सलग झाडताना बंदूक आवरत नसे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते ५७ वरून ३३ मिलिमीटरवर आणलं, त्यातून १९४४ ची श्टुर्मगेवेअर ही रायफल झाली. रशियनांनी ३९ चं काढलं, त्यावर कलाश्निकोव्हची एके-४७ उभी राहिली. व्यास जवळपास तोच, दारू कमी. ‘गोळी’ म्हटलं की लक्ष व्यासाकडे जातं आणि लांबी नजरेआड होते. गेमनेही तेच केलंय.

तेव्हा मुलाने खेळता खेळता ‘गोळ्या संपल्या’ म्हणावं, त्यात वावगं काही नाही. बोलण्यात भागासाठीचा शब्द सगळ्याला लागतोच. पण कुठली गोळी कुठल्या बंदुकीत चालते अशी चर्चा निघाली, की ‘काडतूस’च म्हणायला हवं. ‘ॲमो’ला (इंग्रजी ‘ॲम्युनिशन’चं लघुरूप) मोघम शब्द हवा असेल तर ‘दारूगोळा’ आहेच.

लिहिताना एवढं सांभाळा: शब्द नपुंसकलिंगी, ‘ते काडतूस’. एकवचनात ‘तू’ दीर्घ, पण ‘काडतुसे’, ‘काडतुसाचा’, ‘काडतुसांनी’ यांत ‘तु’ ऱ्हस्व.